स्क्रीन सात, शेवटची दहा मिनिटं

मी सिनेमे शेवटाकडून पाहतो.
मनामातल्या मॉलमध्ये, स्क्रीन सातच्या दाराशी,
हातात टॉर्च, पायाशी काळी पिशवी,
शेवटची दहा मिनिटं मला फुकट मिळतात.
अकरा वर्षांत एकाही भुताची
सुरुवात मला माहीत नाही.

शेवट मात्र तोंडपाठ.
पोरगी वाचते. गाडी सुरू होते.
आरशात काहीतरी हलतं, आणि काळोख.
ते हललेलं म्हणजे पुढचा भाग,
त्याचे पैसे कुणीतरी आधीच लावलेले असतात.

जे भूत भरउजेडात आणून उभं करतात
त्याच्या खेळाला पॉपकॉर्न फारसे सांडत नाहीत.
जे नुसतं जिन्यावर श्वास घेतं
त्याच्यानंतर मला दोन पिशव्या लागतात.
माझं माप हे असं.
जाणकारांचं जाणकार बघोत.

तलवारीच्या सिनेमात राजा परत येतो.
सगळी सभा गुडघे टेकते, वरून फुलं पडतात,
आणि अख्ख्या थिएटरात माझ्या एकट्याच्या मनात येतं,
ही झाडणार कोण?

खोलीवर तुफैल, श्रीवर्धनचा, गेम खेळतो.
एकाच पुलावर, एकाच राक्षसाच्या हातून
मंगळवारपासून मरतोय.
मेला की चहा ओततो, की परत पुलावर.
म्हणतो, तुझ्या सिनेमातला माणूस तुझं ऐकतो का?
घसा फोड, तो तळघरात जायचा तो जाणारच.
इथे तळघरात मी जातो.
दार मीच उघडलं,
आता बोंबलू कुणाच्या नावानं?

काउंटरवरची लिन्सी सांगते,
तिच्याकडची यक्षी ताडावर राहते,
वाटसरूकडे पानाला चुना मागते.
आमचा चकवा अंबा घाटात.
मामा ट्रकवर क्लिनर होता, त्याला लागला होता.
रात्रभर चालला, आणि फिरून फिरून
तोच मैलाचा दगड.
ना दात, ना मोकळे केस, ना किंकाळी.
नुसता रस्ता, तुला ओळखणारा.
त्यावर उतारा एकच, बसून राहायचं.
चालशील तेवढा तो वाढतो.

एका गुरुवारी शेवटच्या खेळाला
पुलावरून एक म्हातारा आला, खोबरहून, एकटा.
भुताच्या प्रत्येक दर्शनाला खो खो हसला, म्हणे.
दीड वाजता पार्किंगमध्ये त्याला गाडी सापडेना.
मी सोबत गेलो.
निळ्या मोत्याचा खांब, हिरव्या खजुराचा खांब,
पुन्हा निळा मोती, पुन्हा खजूर.
किल्ली दाबली की गाडी ओ द्यायची,
पण चारही बाजूंनी.
तिसऱ्या फेरीला त्याचं हसू थांबलं.
इथे दिवा लुकलुकायला हवा होता.
लुकलुकला नाही.
त्यानंच मला घाम फुटला.

बाबा, इजलिस, मी म्हणालो.
बसलो दोघं पिवळ्या कठड्यावर.
बराच वेळ किल्ली चाळवत राहिला, मग बोलला.
त्याच्या लहानपणी, हसाच्या खजुरांच्या बागेत
संध्याकाळी कुणीतरी हाक मारायचं,
थेट आईच्या आवाजात.
पोरांना ताकीद असायची,
तिसरी हाक येईपर्यंत ओ द्यायची नाही.
आई असेल तर तिसऱ्यांदा हाक मारेल,
दुसरं कुणी असेल तर दोनदाच मारेल.
मी सहा वर्षांचा होतो, तो म्हणाला.
दुसऱ्या हाकेला ओ दिली.

तेवढ्यात गार्ड धावत आला.
गाडी वरच्या मजल्यावर, आम्ही मजलाच चुकलो होतो.
म्हाताऱ्यानं माझ्या हातात एक दिनार कोंबला,
सलाम केला, आणि निघून गेला.

खोलीवर येऊन तुफैलला सगळं सांगितलं,
मोती, खजूर, हाक, दुसरी हाक.
त्यानं पहिल्यांदाच न मरता गेम थांबवला.
पुलावर राक्षस हात उगारून तसाच उभा.
मग? तो म्हणाला.

मी चहा ओतायला घेतला.